गौराक्काच्या जुन्या पऱ्हाट्या

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईजवळसुद्धा नाही. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा भलतंच लिहून उठलो — गावाचं वर्णन, माझी शिष्यवृत्ती, पुण्याचं वसतिगृह. आजही तसंच होईल का?

आमचं गाव सोलापूरच्या दक्षिणेला. निम्मी घरं कानडी बोलतात, निम्मी मराठी. शेजारची गौराक्का मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ — मी तिच्या मुलाच्या वयाचा असूनही. नवऱ्यानं मरण्याआधी पेरलेली कपाशी तिनं वेचणीनंतरही उपटली नव्हती. दुसऱ्या वर्षी त्याच पऱ्हाट्यांना फूट आली, बोंडं धरली. त्या कापसाची दुपटी लेकीच्या बाळंतपणाला भरायची, असं तिनं ठरवलं होतं.

मी कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत घरी आलो होतो. तिच्या ओट्यावर आम्ही दोघंच होतो. तिनं कचेरीचा कागद माझ्या हातात दिला. असले कागद आजवर गावचा कुलकर्णी तिला वाचून दाखवायचा.

"वाच की तम्मा. कुलकर्ण्याला सांगून आले, आता तुज्या पायरीला येत न्हाय म्हनून. आमचं पोरगं लई शिकलंय."

कागद मोडीत होता. शाळेत मी छापील मोडी कशीबशी शिकलो होतो. हा कारकुनाचा पळता हात, शब्दाला शब्द चिकटलेला. सर्व्हे नंबर लागला. 'आठ दिवसांत' आणि 'सरकारी माणसे' एवढं लागलं. बाकी काही नाही. येत नाही, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

"मोजणी आहे," मी म्हणालो. "आठ दिवसांत माणसं येतील. तुला काही करायचं नाही."

एवढंच असतं, तर मी हे केव्हाच सांगितलं असतं.

नवव्या दिवशी माणसं आली. नोटीस होती जुनी कपाशी उपटण्याची — तिच्यात बोंडअळी राहते आणि नव्या पिकाला लागते. मालकानं आठ दिवसांत काढली नाही, तर सरकार काढणार. दुपारपर्यंत बोंडांसकट सगळं उपटून त्यांनी ढीग पेटवला. गौराक्का सर्कलसाहेबापुढं हात जोडून सांगत होती, "मोजनी हाय म्हनून लिवलंय की वो. ह्या तम्मानं वाचलंय."

"मोजणी? म्हातारे, तुझ्या डोक्यातच पऱ्हाट्या माजल्यात!"

माणसं हसली. साहेब माझ्याकडं वळला. "काय रे, तू वाचलंस?"

सगळं गाव बघत होतं. कुलकर्णीही होता. मी म्हणालो — हे लिहिताना हात थांबतो आहे — मी म्हणालो, "उपटायचं म्हणूनच सांगितलं होतं मी. तिच्या ध्यानात राहिलं नसेल."

गौराक्का माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. काहीतरी हरवलंय आणि ते कुठं ठेवलं होतं ते आठवत नाही, तशी.

"असं म्हटलास व्हय?"

"व्हय."

त्या दिवसापासून तिनं स्वतःवर भरवसा ठेवणं सोडलं. दाराची कडी लावली का, म्हणून अर्ध्या वाटेतून परत यायची. आमटीत मीठ पडलं का, ते आईला विचारायला यायची. लेक बाळंतीण झाली, तेव्हा नातवाला न्हाऊ घालायला ती पाटावर बसली नाही. "माज्या हातात देऊ नगा. मला काय ध्यानात ऱ्हात न्हाय." गावातल्या निम्म्या पोरांना जिनं पहिली अंघोळ घातली, ती दाराआडून बघत उभी होती. मी आमच्या अंगणातून बघत होतो. तेव्हा तरी बोललो का?

आता परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात आली, की पहिल्यांदा तिचाच आवाज येतो — असं म्हटलास व्हय?

ती पहिली सुट्टी संपली त्या सकाळी गौराक्का फडक्यात धपाटे बांधून घेऊन आली. म्हणाली, "तम्मा, तू बराबर सांगितलास, मीच इसरले. माज्यापायी तुला चारचौघांत जाब द्यावा लागला. राग धरू नगो."

मी म्हणालो, "राग नाही, अक्का." आणि धपाटे घेतले.