बुधवारची उपासना

मी एस.टी.त कंडक्टर आहे. आमच्या नोकरीत आठवड्याची सुट्टी ज्याच्या वाट्याला जो वार येईल तो. माझ्या वाट्याला बुधवार आला. नोकरी नवी होती तेव्हा मी ड्यूटी लावणाऱ्या बाबूंना रविवार मागून पाहिला होता. ते यादीतून मान वर न करता म्हणाले, "ताई, रविवार साऱ्यांलेच पाहिजे. तुमचा देव काय फक्त रविवारीच घरी राह्यते?" आजूबाजूचे हसले. मीही हसले, आणि बुधवार घेऊन गप्प बसले.

रविवार म्हणजे लग्नं, साखरपुडे, देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला निघालेली घरंच्या घरं. सकाळी साडेनऊच्या सुमाराला आमची गाडी भरून चर्चवरून जायची. चर्चमध्ये माझा नवरा आणि मुलगी उपासनेला बसलेले असायचे. मी इकडं "पुढं सरका, दार मोकळं करा" म्हणत तिकिटं फाडायचे आणि एक कान खिडकीकडं ठेवायचे. कधी पेटीचे दोन सूर ऐकू यायचे, कधी नुसताच हॉर्न. अकरा वर्षं अशीच गेली. नाताळ आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, एवढेच दिवस मी रजा टाकून मिळवायचे.

मग एका वर्षी चर्चची वार्षिक सभा झाली. सभेहून नवरा घरी आला तो आधी पाणी प्यायला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तुह्यं नाव सभासदाच्या यादीतून काढलं. उपासनेले सतत गैरहजर, असं वाचून दाखवलं सेक्रेटरी काकांनी."

सेक्रेटरी काका म्हणजे माझ्या वडिलांचे जुने मित्र. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा ते पहिल्या बाकावर होते. चर्चची किल्ली त्यांच्याच घरी असते. मी ड्यूटीच्या कपड्यातच त्यांच्याकडं गेले.

"काका, माझं नाव का काढलं?"

"नियम हाय, पोरी. कमिटीनं यंदाच केला. वर्षभर जे रविवारी येत नाही त्याईचं नाव राह्यत नाही."

"मी घरी झोपून राहत नाही, काका. गाडीवर असते."

"देवासाठी वेळ काढा लागते."

"काढते. बुधवारी अख्खा दिवस माझा आहे. बुधवारी चर्च उघडा, मी येते."

ते हसले. "एकटीसाठी?"

"एकटीसाठी."

"तू बापावर गेली," ते म्हणाले, आणि काकूंना चहा ठेवायला सांगितला. मी चहा न घेता निघाले. त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच निघाले होते.

त्या बुधवारी मी रविवारची साडी नेसले. साडेनऊला चर्चवर गेले. दाराला कुलूप होतं. मी पायरीवर बसले. खरं सांगते, लाज वाटली. रस्ता वाहता आहे; निम्मं गाव मला गाडीवरची बाई म्हणून ओळखतं. पण बसले. आधी गीत म्हटलं. थांब्यांची नावं ओरडून ओरडून माझा आवाज फाटलेला आहे, तो काही गोड लागला नसेल. मग पापकबुली, मग वाचन, मग ज्यांना ज्यांना गरज होती त्यांच्यासाठी प्रार्थना. शेवटी प्रभूची प्रार्थना मोठ्यानं म्हटली आणि माझी मीच आमेन म्हणून उठले. सारं मिळून अर्धा तासही लागला नाही. पण घरी जाताना मी ताठ चालले.

तिसऱ्या बुधवारी डोक्यावर मेथीची पाटी घेतलेली एक माळीण मावशी समोर थांबली. "चर्च त बंद हाय ना बाई. काऊन बसल्या इथं?"

"माझा रविवार आज असतो, मावशी."

तिनं कुलपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "तुमच्या देवाले बी कुलूप लावून ठेवतात काय?" असं म्हणून तिनं पाटी उतरवली आणि खालच्या पायरीवर टेकली. तिचे गुडघे दुखायचे. तेव्हापासून ती दर बुधवारी दहा मिनिटं तिथं टेकायची, पदरानं तोंड पुसायची आणि पुढच्या गल्लीत जायची. मी तिला काही समजावलं नाही, तिनंही काही विचारलं नाही.

मग एक सिस्टर आली. सरकारी दवाखान्यात नर्स आहे ती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचंही नाव त्याच सभेत काढलं होतं. म्हणाली, "रविवारी पेशंट आजारी पडाचे थांबतात काय? सरक थोडी." आणि माझ्या शेजारी बसली. तिच्या मागोमाग पेट्रोल पंपावर चौकीदारी करणारे एक मामा आले. नाव काढल्यापासून त्यांनी लाजेनं चर्चचा रस्ताच सोडला होता. आधी ते फाटकाबाहेर उभे राहायचे. सिस्टरनं हाताला धरून आत आणलं. रविवारी कामावर असणारे आणखी दोघं येऊन मिळाले आणि चार महिन्यांत आम्ही पायरीवर पाच जण झालो, मावशी धरून सहा.

आणि मग एका बुधवारी दोन पोरं आली. मोटारसायकल रस्त्यात लावून त्यांनी मोबाइल आमच्यावर धरला. एक जण मावशीजवळ आला. "आजी, तुमाले इथं कोनं बसवलं? काय देतो म्हणाले हे लोक? धर्म बदलाले सांगून राह्यले काय?"

सिस्टरनं गीत मध्येच थांबवलं. मावशीनं मात्र पदर सारखा केला आणि मोबाइलकडं बोट दाखवून म्हणाली, "आधी थे डबडं खाली कर. माह्ये पाय दुखतात म्हून बसते मी. चार वर्सांपासून या गल्लीत येऊन राह्यली, कोन्या घरानं बसाले पाट देला नाही. तुह्या घरी देतं काय? सांग, उद्या येते."

पोरगं काहीबाही पुटपुटलं आणि दोघं निघून गेले. मी सिस्टरला म्हटलं, "गीत पूर्ण करू." सगळी कडवी म्हटली.

संध्याकाळी काका घरी आले. कुणीतरी त्यांना तो व्हिडिओ दाखवला होता. ते बसलेसुद्धा नाहीत. "पोरी, हे बंद कर. दिवस कसे हायेत तुले समजत नाही काय? उद्या दगड आला तं साऱ्या मंडळीवर येईन."

"उघड्यावर बसायचं भय वाटतं ना, काका? मग आत बसवा."

"ते कमिटीच्या हातात हाय."

"तर कमिटी बसेपर्यंत आम्ही पायरीवर बसतो."

पंधरा दिवसांनी ते परत आले. या वेळी चेहरा मोकळा होता. डेपोतल्या साहेबांशी त्यांची ओळख निघाली होती. "तुह्यं काम केलं. पुढच्या महिन्यापासून तुले रविवार भेटून जाईन. नाव बी यादीत घेतो. आता पायरीचं सोड."

नवरा दारात उभा होता. त्याचा चेहरा उजळला. पुढच्या महिन्याच्या पहिल्याच रविवारी मुलगी चर्चमध्ये पहिल्यांदा एकटीनं गीत म्हणणार होती आणि आठवडाभर घरात तेच चाललं होतं. अकरा वर्षांत मला जे मिळालं नव्हतं ते काकांनी आणून समोर ठेवलं होतं.

मी विचारलं, "सिस्टरचं काय? मामांचं?"

"त्याईचं पाहू मंग."

"मग माझंही मंगच पाहा," मी म्हटलं.

काका गेल्यावर नवरा माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. "पोरीचं गाणं ऐकाचं सोडून तू चौकीदारासाठी भांडून राह्यली?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या रविवारी मुलगी गायली तेव्हा मी देऊळगाव राजाच्या स्टँडवर होते. त्यानं फोनवर ऐकवलं. स्टँडच्या गोंगाटात मला निम्मं कळलं आणि मी गाडीच्या आडोशाला जाऊन रडले.

बुधवारी सिस्टरला सांगितलं तर तीही चिडली. "घेऊन टाकाचा होता रविवार. तुले प्रार्थना पाहिजे का काकाले हरवाचं हाय?"

ते लागलं. मी त्या दिवशी नीट प्रार्थना करू शकले नाही. डोळे मिटले की काकांचाच चेहरा यायचा. शेवटी मी सिस्टरला म्हटलं, "दोन्ही पाहिजे. देवाला माहीत आहे ते, त्याच्यापासून कुठं लपवू?" सिस्टर हसू दाबत म्हणाली, "मग तसंच सांग त्याले, आणि वाचाले घे."

पुढच्या वार्षिक सभेच्या दिवशी मी एका मैत्रिणीशी ड्यूटी बदलून घेतली. काका यादी वाचत होते. गैरहजर सभासदांच्या नावांची पाळी आली तशी मी उभी राहिले. नाव नसलेल्यानं सभेत बोलू नये, असं कुणीतरी म्हणालं. मी बोलले.

"या चर्चमध्ये रविवारी कामावर असणारे आम्ही पाच जण आहोत. तुम्ही रविवारी गाडीनं येता, ती कुणीतरी चालवतं. तुमचं माणूस दवाखान्यात असतं, त्याच्या उशाशी कुणीतरी उभं असतं. तुमच्या गाडीत पेट्रोल असतं, त्या पंपावर कुणीतरी राखण करतं. आम्ही तुमच्या रविवारचंच काम करतो. आम्हाला गैरहजर म्हणू नका. नावं खोडली तर खोडली. बुधवारी आम्ही येणारच, कुलूप असलं तरी येणार."

मग आमचे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, उठले. त्यांच्याकडं तीन गावांची चर्च आहेत. ते म्हणाले, "रविवारी मी एका चर्चमधून दुसऱ्यात पळत असतो. आशीर्वाद देताना घड्याळ बघतो. बुधवारी मी मोकळा आहे. महिन्याच्या पहिल्या बुधवारी मी येईन, प्रभुभोजनाची भाकर नि प्याला देईन. दार उघडा."

कमिटीनं मान्य केलं, पण दोन गोष्टी धरून ठेवल्या. नियम तोच राहील, म्हणजे आमची नावं यादीत येणार नाहीत. आणि बुधवारी कमिटीचा एक माणूस हजर राहील, लक्ष ठेवायला. तो माणूस अर्थातच काका.

आता बुधवारी साडेनऊला मोठं दार उघडतं. आम्ही कधी सात असतो, कधी नऊ. बसायला बाक पुष्कळ, म्हणून आवाज घुमतो. माळीण मावशी आत येत नाही, "माही भाजी कोन पाहीन?" म्हणते, म्हणून दार सताड उघडं ठेवतो. ती दोन पोरं परत आली नाहीत. आली तरी दार उघडंच राहील. यादीत माझं नाव अजून नाही, आणि मी मागायला गेले नाही.

काका शेवटच्या बाकावर बसतात, हाताची घडी घालून. गीतात तोंड उघडत नाहीत. वाचन माझ्याकडं असतं. मी पुस्तक उघडते, मान वर करते आणि शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात वाचते.