गाडीच्या जिभेची चव

चार दिवसांपासून माझी जुनी गाडी लोहारा गावात मिस्त्रीच्या शेडमध्ये बॉनेट उघडून पडली होती. इंजिनाच्या माथ्यावर जे जड लोखंडी झाकण असतं, ज्याला तो हेड म्हणतो, ते काही केल्या निघेना. नट सुटले होते, तीन दिवस तेल मुरवलं होतं, लाकडी हातोडीनं चारी बाजूंनी ठोकून झालं होतं.

"पाचर ठोकली तं तडकीन, याडी," मिस्त्री म्हणाला. तो तांड्यावरचा, माझ्याच वयाकडं झुकलेला. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. "अन् तडकलं तं या गाडीचं दुसरं हेड भेटत नाही. मंग भंगार."

हे गेल्यापासून शेतावर मी एकटी जाते ती याच गाडीनं. दुसऱ्या कुठल्या गाडीचे गिअर माझ्या हाताला कळत नाहीत. ही गेली, की मुलाच्या सवडीची वाट पाहत ओट्यावर बसा.

"एवढं जाम झालं काहून?" त्यानं विचारलं.

मी पदर सारखा केला. कारण मला पक्कं ठाऊक होतं.

नवी नवी गाडी शिकले तेव्हा हे बजावत, रेडिएटरमध्ये पावसाचं धरलेलं पाणी टाक, विहिरीचं खारं नको. त्यावर त्या दीडशहाण्या पोरीनं, म्हणजे मीच, उत्तर दिलं होतं, "गाडीच्या जिभेले काय चव कयते?" आणि पुढं कित्येक वर्षं ती विहिरीच्याच बादल्या ओतत राहिली. अक्कल कमी आणि तोरा केवढा!

"मीच पाजलं बाबा खारं पाणी," मी कबूल केलं.

मिस्त्री खो खो हसला. "मले माहीत आहे! तुह्या तोंडून आयकाचं होतं. काका दर दोन महिन्यांनी येत, पाणी बदलून नेत. म्हणत, घरी सांगू नको, रुसते. म्हणून तं आतलं लोखंड शाबूत राह्यलं."

मी उगाच बॉनेटवरची धूळ पदरानं पुसू लागले.

"सुताची मऊ दोरी आहे काय?" त्यानं विचारलं.

पिशवीत परकरासाठी घेतलेले नवे नाडे होते. तेच त्यानं प्लगच्या भोकांतून आत सारले, टोकं बाहेर ठेवली आणि इंजिन फिरवायचं हँडल हळूहळू फिरवू लागला. आतला पिस्टन वर आला, तसा त्यानं नाड्यांचा गोळा हेडवर खालून दाबला.

"सावकाश रे!"

"याडी, तू श्वास घे आधी."

कर्र झालं. पांढरी खारट भुकटी उडाली. हेड बोटभर वर आलं, अखंड.

काळे झालेले नाडे त्यानं माझ्यापुढं धरले. "धुऊन घाल."

"तुह्या बायकोले दे!" म्हणत मी डोळे पुसले.

आता पन्हाळीखाली धरलेलं पावसाचं पाणी फडक्यानं गाळून ओतते, आणि दर वेळी, यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगते, "कयते हो, कयते चव."