अण्णांचा पक्ष्यांचा तक्ता

छापखान्यातली रद्दी दर शनिवारी उचलली जायची. किस्से मात्र कुणी नेत नाही, ते साचतच जातात. बिबवेवाडीतल्या आमच्या छापखान्यात शाळांसाठी पक्ष्यांचे तक्ते छापले जायचे. मी मशीनवर, अण्णा चित्रकार. बायको गेल्यापासून अण्णांचं घर म्हणजे आमचा छापखानाच.

*

आमचं मशीन एकरंगी. एकच कागद चार वेळा आत जायचा: पिवळा, लाल, निळा आणि शेवटी काळा. एकदा घाईत पिवळा द्यायचाच राहिला आणि पोपट निळे झाले. शाळेच्या बाई तक्ता घेऊन थेट दारात!

अण्णा शांतपणे म्हणाले, "अहो बाई, थंडी केवढी पडलीय! बिचारे काळेनिळे पडले."

*

हिंजवडीच्या एका कंपनीला पक्ष्यांचं कॅलेंडर हवं होतं. त्यांचा टायवाला तरुण म्हणाला, "सर, कावळा काढा. ब्रँडला सूट होत नाही."

"काढतो की!" अण्णा म्हणाले, "पितृपक्षात मात्र मागायला येऊ नका."

त्याने 'पितृपक्ष' डायरीत लिहून घेतलं. त्याला ती डिलिव्हरीची तारीख वाटली!

*

मग कॉम्प्युटर आला. अण्णांचं आठ दिवसांचं काम ऑपरेटर चहा संपायच्या आत करायचा. तरी अण्णा रोज दहाला हजर.

मालक संकोचून म्हणाले, "अण्णा, आता इथे काम नाही हो."

"कामासाठी कोण येतंय? घरी एक कप चहा करता येत नाही मला. दोनच होतात."

एरवी अण्णा बोलले की आम्ही हसायचो. त्या दिवशी कुणीच हसलं नाही.

*

शेवटी ठरलं: अण्णांच्या हातचा एक तक्ता छापायचा राहिला होता, तो झाला की निरोप. त्या दिवशी मला फार वाईट वाटत होतं, मशीनवर लक्षच नव्हतं. तीन रंग नीट गेले आणि शेवटचा काळा चांगला दोन बोटं सरकला!

काळ्यात असतात नुसत्या रेघा. त्यामुळे रंगीत मोर एकीकडे आणि त्याला चिकटून रेघांचा दुसरा मोर! चिमणी, बुलबुल, खंड्या, सगळ्यांचं तेच. अख्खा गठ्ठा बाद. मालक डोक्याला हात लावून बसले.

अण्णांनी त्यातलाच एक तक्ता गुंडाळून काखेत मारला.

मी म्हणालो, "अण्णा, तो बाद आहे. थांबा, मागच्या वर्षीचा चांगला देतो."

"नको. चांगल्यात सगळे एकेकटेच आहेत हो."