नवव्या रिळातली बाई

सन चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात वसमतला आमच्या टुरिंग टॉकीजचा मुक्काम होता. मशीन चालवणारा ऑपरेटर मी, जमील. तंबूच्या मधोमध पडद्यापासून मागपर्यंत कनात बांधलेली असायची. डाव्या अंगाला पुरुष, उजव्या अंगाला बायका. माझी केबिन उंचावर होती, ड्रमांवर फळ्या टाकून केलेली. दोन्हीकडची माणसं एकदम दिसायची ती फक्त मला. म्हणून जनकाबाईची हकीकत मी सांगतो. बाकीच्यांनी तिची अर्धीच बाजू पाहिली.

जनकाबाई बायकांच्या दारावर असायची. तिकिटं फाडायची, लेकरांना मांडीवर घ्यायला लावायची, कनातीच्या फटीला डोळा लावणाऱ्या पुरुषांना आतून काठीनं ढोसायची. चाळिशीची, उंच, खांद्यानं रुंद बाई. दुष्काळात खडीच्या कामावर ती बायकांच्या टोळीची पुढारी होती आणि तिचा आवाज तिथंच तयार झालेला. नवरा कोंडीबा मोंढ्यात हळदीची पोती उचलायचा. माहेर साखऱ्याचं, बौद्ध घर. बाप जळबा जलशात बाईची कामं करायचा. मिशा काढून, नऊवारी नेसून तो उभा राहिला की गावातल्या म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावायच्या, असं ती सांगायची. पोरगी असल्यापासून ती त्याचा पदर धरायला, गजरा बांधायला जलशामागं असायची. काम कसं उभं राहतं ते तिनं आतून पाहिलेलं होतं.

खेळ सुरू झाला की दारावरची माणसं झोपतात. जनकाबाई झोपत नसे. पिक्चर दहा वेळा लागला तर दहा वेळा उभ्यानं बघायची. मी एकदा विचारलं, "कंटाळा न्हाई येत?"

ती म्हणाली, "पहिल्या दिशी गोष्ट कळती. गोष्ट कळली की मंग काम दिसाया लागतं."

त्या उन्हाळ्यात आमच्याकडं जो पिक्चर आला त्यानं गाव येडं झालं. चांदीचा मुखवटा घातलेला एक माणूस. एका हातानं रेल्वेचं इंजन अडवायचा, गिरणीच्या धुराड्यावरून धुराड्यावर उडायचा, गोळी लागली की छातीवरून झटकून टाकायचा. पिक्चरचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे म्हणायचे 'चांदीतोंड्या'. सायकलच्या दुकानात पंक्चर काढणारा नरसिंग नावाचा एक जवान होता. त्यानं पंधरा-वीस जण गोळा करून चांदीतोंड्या मित्रमंडळ काढलं. हिरो पहिल्यांदा पडद्यावर आला की हे लोक उभे राहायचे, पडद्यापुढं नारळ फोडायचे, कुंकू उधळायचे. मुखवट्याच्या आत हिरोच्या पापण्या हलल्या तरी शिट्टी. नरसिंगनं पिक्चर सोळा वेळा बघितला होता आणि हिरोचे डायलॉग तो हिरोच्या आधी म्हणायचा.

नवव्या रिळात चांदीतोंड्या धरणाच्या भिंतीवर एका गुंडाला धरतो आणि खाली फेकतो. तंबू फाटेल असा ओरडा व्हायचा. त्यानंतर एक छोटा सीन होता, अर्ध्या मिनिटाचा. पोलीस ठाण्याच्या ओसरीवर त्या गुंडाचं प्रेत झाकून ठेवलेलं. त्याची म्हातारी आई ओळख पटवायला येते. शिपाई चादर बाजूला करतो. ती बघते. लेकाच्या सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात अडकलेलं असतं. ते काढून ती नीट लावते. मग शिपायाला विचारते, "इसने खाना खाया था?" बस. सीन संपला.

ह्या सीनला लोक चहाला उठायचे. जे बसलेले असायचे ते हसायचे. "मेला तरी जेवणाचं विचारून राहिली!" असं कुणीतरी ओरडायचं आणि अजून हसू.

आठव्या की नवव्या दिवशी ह्या सीनला टाळ्या ऐकू आल्या. एकाच माणसाच्या, सावकाश, जोरदार. मी केबिनमधून वाकून पाहिलं. जनकाबाई दारात काठी बगलेत धरून टाळ्या वाजवून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुरुषांकडून हूटिंग सुरू झालं. टाळ्या पडल्या की तिकडून मांजराचे, कोंबड्याचे आवाज. जनकाबाईनं टाळ्या थांबवल्या नाहीत, उलट लांबवल्या. हिरो पुढच्या सीनला येऊन डायलॉग म्हणायला लागायचा आणि तो टाळ्यांत बुडून जायचा. मंडळाला हेच झोंबलं.

खेळ सुटल्यावर नरसिंग दारावर आला. मागं त्याची माणसं.

"मावशी, टाळ्या कुणासाठी वाजवून राहिल्या तुमी?"

"त्या म्हातारीसाठी."

"तिनं केलं काय? ना उडी, ना फाईट. रडली सुदिक न्हाई."

"न्हाई रडली. तेच तर काम हाय. रडायला काय, कांदा कापला तरी रडू येतं. आलेलं रडू आडवून धरायला ताकद लागती. तुझ्या हिरोनं इंजन आडवलं, तिनं त्याच्याहून जड काम केलं."

मागून एक जण म्हणाला, "जलशावाल्याची पोरगी आमाला ॲक्टिंग शिकवती का आता?"

जनकाबाईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. "व्हय. जलशावाल्याचीच. तुमाला कुणी शिकवली न्हाई, म्हणून सांगून राहिले."

नरसिंग चिडून म्हणाला, "चांदीतोंड्याचे डोळे बोलतात, मावशी. मुखवट्यातून बोलतात. सोळा येळा बघितलंय मी."

"मी एकवीस येळा बघितलं. डोळे नुसते उघडे हायेत."

भांडण तंबूबाहेर गेलं, मोंढ्यात गेलं, चहाच्या टपऱ्यांवर गेलं. मंडळानं आमचे मालक अजीजसेठ यांना निरोप धाडला की ही बाई टाळ्या थांबवत नसेल तर आम्ही खेळ चालू देणार नाही. अजीजसेठ भला माणूस, पण भांडणाला फार भ्यायचे. तंबूला काडी लागायला किती वेळ लागतो, हे त्यांनी एकदा दुसऱ्या गावी पाहिलं होतं. त्यांनी जनकाबाईला समजावलं. ती म्हणाली, "शिट्ट्या चालतात, नारळ चालतात, कुंकू चालतं. टाळ्याच काहून चालत न्हाईत?" अजीजसेठ तिथून उठले. ते मोंढ्यात जाऊन कोंडीबाला भेटले. कोंडीबानं पोतं खाली ठेवलं, घाम पुसला आणि म्हणाला, "सेठ, तिलाच सांगा. माझं ऐकत असती तर मी तिला पिक्चर कशाला बघू दिला असता?"

संध्याकाळी अजीजसेठ केबिनच्या शिडीवर चढून आले.

"जमील, वो माँवाला टुकडा निकाल दे. झगडे की जड वोच है."

मालकाचा शब्द. मी नववं रीळ उलगडलं, पंचेचाळीस फुटांचा तुकडा कापला, दोन्ही टोकं जोडली आणि तुकडा गुंडाळून तंबाखूच्या डब्यात ठेवला. मला वाटलं, अर्धं मिनिट कुणाला कळणार? खरं सांगायचं तर मलाही त्या सीनमध्ये काही दिसलेलं नव्हतं. मी त्या वेळी पुढच्या रिळाची तयारी करत असायचो.

त्या दिवशीच्या सात वाजताच्या खेळाला तंबू गच्च भरला होता. भांडणामुळं गर्दी वाढलेली. नववं रीळ लागलं. गुंड धरणावरून खाली गेला, ओरडा झाला, आणि लगेच पडद्यावर चांदीतोंड्या हसत उभा. मंडळानं शिट्ट्या मारल्या. मी खाली पाहिलं. जनकाबाई दार सोडून चालत निघाली होती. बसलेल्या बायकांतून वाट काढत ती पडद्यापर्यंत गेली आणि पडद्यापुढं उभी राहिली. मशीनचा उजेड तिच्या अंगावर पडला. चांदीतोंड्याचा मुखवटा तिच्या लुगड्यावर हलायला लागला.

"जमीलभाई," तिनं केबिनकडं बघून आवाज दिला, "बाई कुठं गेली?"

मी मशीन चालूच ठेवलं.

"मी इचारून राहिले, बाई कुठं गेली?"

पुरुषांकडून गलका सुरू झाला. बाजूला व्हा, उचला तिला, हाकला. कुणीतरी वाळू फेकली. ती हलली नाही. अजीजसेठ धावत आले आणि कनातीपाशी थांबून म्हणाले, "जनकाबाई, उद्यापासून दारावर येऊ नका!"

"उद्याचं उद्या. आज बाई दाखवा."

नरसिंग उभा राहिला. "एका बाईसाठी सगळ्यांचा खेळ काहून आडवता, मावशी?"

"तिकीट तुमी पुऱ्या पिक्चरचं काढलं. आर्धा काहून बघता? तिचं काम वाईट हाय तर बघून वाईट म्हणा. कापून काहून टाकता? तुझा चांदीतोंड्या इंजनाला भेत न्हाई आन् एका म्हातारीला भेतो का?"

ह्यावर पुरुषांतलेच काही जण हसले. नरसिंग काही बोलणार, तेवढ्यात कनातीच्या पलीकडून एक बारीक, चिरका आवाज आला. नरसिंगची आई चतुराबाई.

"नरश्या, खाली बस! मला बघायचं हाय ते. काल मी लेकराला मुतायला घेऊन गेले व्हते."

मग बायकांकडून एकीमागून एक आवाज उठले. दाखवा. दाखवा की. आमी बी तिकीट काढलंय. सगळ्यांना जनकाबाईचं म्हणणं पटलं होतं असं नाही. पण आपल्या बाजूची एक बाई एकटी उजेडात उभी आहे आणि तिच्यावर वाळू पडून राहिली आहे, हे त्यांना खपेना.

मी मशीन बंद केलं. अजीजसेठकडं पाहिलंसुद्धा नाही. रीळ काढलं, डबा उघडला, ब्लेडनं तुकड्याची टोकं खरडली, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून दाबून धरलं. दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ जनकाबाई पडद्यापुढं तशीच उभी होती, कमरेवर हात ठेवून. मी वरून ओरडलो, "लावतो!" तेव्हा कुठं ती बाजूला झाली, पण दारावर गेली नाही. पुढंच वाळूत बसली.

त्या दिवशी मी तो सीन पहिल्यांदा नीट बघितला. तंबूतल्या बहुतेकांनीही. शिपायानं चादर ओढली. म्हातारीनं पाहिलं. एक जण हसायला लागला आणि मधेच थांबला. बटण काढताना तिची बोटं दोनदा घसरली. ते मला त्याआधी कधी दिसलं नव्हतं. तिनं जेवणाचं विचारलं तेव्हा तिचा आवाज इतका साधा होता, की जणू लेक आताच उठून हात धुवायला जाणार आहे.

जनकाबाईनं टाळ्या वाजवल्या. चतुराबाईनं वाजवल्या नाहीत, ती तोंडात पदर कोंबून बसली होती. दहा-बारा बायकांनी वाजवल्या. पुरुषांच्या बाजूला कुणी नाही. नरसिंग मात्र सीन संपेपर्यंत खाली बसला नव्हता. तो मोठ्यानं म्हणाला, "ठीक हाय. बरं काम हाय. पण हिरोपरीस वर न्हाई."

"वरच हाय!" बायकांकडून जनकाबाईचं उत्तर गेलं, आणि सगळा तंबू हसला. मंडळसुद्धा हसलं. पण नारळ त्यांनी दुसऱ्या दिवशीही फोडलाच.

अजीजसेठनी शब्द पाळला. जनकाबाईला दारावरून काढलं आणि तिच्या जागी आपला भाचा उभा केला. बायका दोन दिवस तिकडं फिरकल्या नाहीत. पुरुष माणूस तिकीट फाडणार, कनातीला डोळे लागणार, कोण जाईल? तिसऱ्या दिवशी अजीजसेठ तिच्या घरी गेले. मला सोबत नेलं. म्हणाले, "माफी मागा आणि चला."

ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "माफी न्हाई मागणार. तुमी कापलं, मी न्हाई कापलं. यायचं तर माझं एक ऐकावं लागंल."

"काय?"

"त्या बाईचं नाव पडद्यावर लावा."

नाव शोधायला मी पहिलं रीळ हातानं इंच इंच फिरवून पाहिलं. ती शेजारी उभी राहून बोटानं एकेक अक्षर वाचत होती. तिला वाचायला वेळ लागायचा, पण ती सोडायची नाही. हिरोचं नाव होतं, घोडे पुरवणाऱ्याचं होतं, फाईट शिकवणाऱ्याच्या हाताखालच्यांचीसुद्धा होती. म्हातारीचं काम करणारीचं नाव नव्हतं. मी रिळांच्या पेटीवरच्या, पिक्चर धाडणाऱ्या कंपनीच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही.

"घोड्यावाल्याचं नाव हाय," ती म्हणाली, आणि रीळ पुन्हा पहिल्यापासून फिरवायला लावलं. मग म्हणाली, "नाव न्हाई तर न्हाई. मी सांगते तसं लिवा."

शांतता राखा, विड्या ओढू नका, असल्या सूचना आम्ही काळ्या केलेल्या काचेवर सुईनं खरडून पडद्यावर दाखवायचो. तशी एक काच मी खरडली. आठवं रीळ संपलं की ती लावायची. तीवर लिहिलं होतं : 'पुढच्या रिळात आईचं काम करणाऱ्या बाईचं काम बघा. चहाला नंतर जा.' अजीजसेठ काच बघून कपाळाला हात लावत म्हणाले, "कँटीनवाला मेरी जान लेगा." पण त्यांनी ती लावू दिली.

पावसाच्या आधी शेवटचा मुक्काम पुसेगावला झाला. साखरा तिथून जवळ, म्हणून जनकाबाई भावाकडं राहून दारावर यायची. पुसेगावला नवी माणसं, नवा ओरडा. पहिल्या दिवशी काच लागली तेव्हाही लोक उठले आणि जे बसले ते हसले. जनकाबाईनं टाळ्या वाजवल्या, एकटीनं, वसमतला वाजवायची तशाच.

खेळ सुटल्यावर एक शिकलेला माणूस तिला म्हणाला, "बाई, कोण ती नटी? तुमच्या नात्यातली आहे का?"

"नात्यातली कशाला पायजे?" ती म्हणाली. "उद्या या. आन् म्होरं बसा, मागून बोटं दिसत न्हाईत."