अप्पांचा गुडघा आणि दोन सिनेमे

या उन्हाळ्यातल्या सिनेमांबद्दल मला कुणी मत विचारलेलं नाही. पण दोन सिनेमे मी पाट्यांपासून शेवटापर्यंत पाहिले, आणि त्यातला निम्मा वेळ पडद्याऐवजी सासऱ्यांच्या गुडघ्याकडे बघण्यात घालवला. त्यामुळे माझं मत निःपक्षपाती समजायला हरकत नाही.

सासऱ्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो. हिवाळ्यात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, झकास झालंय, आता चाला, फिरा. अप्पा मात्र बिदरच्या आमच्या घरात काठी टेकत पलंग ते ओसरी एवढंच फिरत. मे महिन्यात कलबुर्गीला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. घरातल्या पहिल्या नातीचं. अप्पांनी जाहीर केलं, "मला तीन तास खुर्चीत बसणं व्हायचं न्हाई. गुडघा वळतच न्हाई. तुम्ही जाऊन या." झालं, नणंद रोज फोनवर रडायला लागली.

रडण्यापेक्षा मला रंगीत तालीम बरी वाटते. लग्न म्हणजे काय, तर तीन तास खुर्ची, कानठळ्या बसवणारा आवाज आणि मध्ये काहीतरी खाणं. हे सगळं थिएटरातही मिळतं. मी रोजच्या यादीत दळणाच्या खाली लिहून टाकलं : अप्पा, सिनेमा.

नवरा म्हणाला, "अप्पांना सिनेमाला न्यायलीस का परीक्षेला?"

"दोन्हीला," मी म्हटलं.

अप्पा चक्क तयार झाले. अट एकच. "अंधार झाल्यावर आत जायचं. आणि सुटल्यावर सगळे गेल्याबिगर उठायचं न्हाई." मी कुठेही वेळेच्या आधी पोचणारी बाई. मला ती अट जड गेली, पण गर्दीत धक्का लागेल अशी भीती असेल, असं समजून मी ती मान्य केली.

पहिला सिनेमा मारामारीचा. मूळ तेलुगू, आमच्याकडे हिंदीत आलेला. पण मारामारीला भाषा लागत नाही, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. नायक एकटा सगळ्या गावाला बडवतो. ज्यांचे भाजीचे गाडे मोडले त्यांचं पुढे काय होतं, हे कुणी दाखवत नाही. आणि तीन तास बसवून शेवटी सांगतात की उरलेली गोष्ट पुढच्या भागात. अर्धा स्वयंपाक करून पाहुण्यांना "उरलेलं पुढच्या वर्षी" असं सांगितलं तर चालेल का?

अप्पांनी आयुष्यभर मन्नाएखेळ्ळीला हायवेवर धान्याचं अडत दुकान चालवलेलं. धान्याच्या गोदामातली मारामारी सुरू झाली, नायकानं एका हातानं तुरीचं पोतं उचलून फेकलं आणि खलनायकाची जीप उलटली. अप्पा भर थिएटरात म्हणाले, "भुसा हाय त्यात."

"अप्पा, हळू."

"तुरीचं पोतं असं उडतंय व्हय? आणि एवढ्या मोठ्या गोदामात हमाल एक न्हाई?"

मागून कुणीतरी वैतागून म्हणालं, "चाचा, पिक्चर देखने देव ना!"

अप्पाही त्याच्याच दखनीत म्हणाले, "देखो ना बा, मैं कां पकड्या? मगर वो तुवर नै है!"

सिनेमाभर त्यांनी उजवा पाय काठीसारखा सरळ पुढे ठेवला होता. घरी आल्यावर विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघितलीस? वळला का? न्हाई वळला." मी यादीतली ओळ खोडली नाही.

दुसरा सिनेमा भुताचा. त्यांनीच "चला" म्हटलं, अट तीच. भुताच्या सिनेमाबद्दल माझी एकच तक्रार आहे. ज्या घरात दिवा फडफडतो तिथे मी आधी वायरमनला बोलावते. इथे मांत्रिकाला बोलावतात, आणि दिवा शेवटपर्यंत तसाच फडफडतो. आमच्यासारखी एखादी बाई त्या घरात असती तर सिनेमा इंटरव्हलच्या आधी संपला असता.

असं सगळं मनात चाललेलं असताना पलंगाखालून एक हात आला आणि त्यानं नायिकेचा पाय धरला. आमच्या ओळीतल्या सगळ्यांनी एकदम पाय वर घेतले. मीही घेतले, खोटं कशाला बोलू? शेजारी बघितलं तर अप्पा धोतर आवरून, पूजेला बसावं तशी खुर्चीतच मांडी घालून बसलेले. उजव्या गुडघ्यासकट.

"माझ्याकडं काय बघायलीस? समोर बघ."

"अप्पा, गुडघा."

त्यांनी खाली बघितलं. पण पाय खाली सोडायची काही त्यांची हिंमत झाली नाही. हात अजून पलंगाखालीच होता.

सिनेमा सुटला, दिवे लागले, लोक गेले. झाडणारी बाई पहिल्या ओळीपासून पॉपकॉर्न गोळा करायला लागली. मी विचारलं, "आता खरं सांगा. कामून जायचं न्हाई लग्नाला?"

ते काठीची मूठ चोळायला लागले. मग म्हणाले, "तिथं सगळा बाजार येणार. मन्नाएखेळ्ळीचे, कलबुर्गीचे, सगळे अडते. घरच्या प्रत्येक कार्यात दारात उभं राहून लोकांना या-बसा म्हणणारा माणूस मी. त्यांनी मला काठी टेकत, लंगडत येताना बघायचं?"

अंधाराची अट कशासाठी होती, ते मला तेव्हा कळलं. मी मनातल्या मनात नवी यादी मांडली.

"मग आपण सगळ्यांच्या आधी जाऊ. कुणी यायच्या आत तुम्ही खुर्चीत. येणारा तुमच्यापाशी येईल. सगळे गेले की उठायचं."

"आन् जेवण?"

"तिथंच आणून देते."

"म्हंजे थेटरासारखंच."

"तसंच. फक्त पाय खाली ठेवायचे."

ते हसले. घरी येऊन त्यांनी स्वतः नणंदेला फोन लावला.

लग्नाच्या दिवशी सगळं ठरवल्याप्रमाणे झालं. हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते तेव्हाच अप्पा जागेवर बसले होते आणि काठी मी खुर्चीमागे आडवी ठेवली होती. अडते येत गेले, "शरणु अप्पा" म्हणत वाकत गेले, आणि प्रत्येकाला अप्पा त्या उडणाऱ्या पोत्याची हकीकत ऐकवत गेले.

अक्षता वाटल्या गेल्या. मूठभर तांदूळ घेऊन अप्पांनी मंचाकडे बघितलं. मध्ये कितीतरी डोकी होती.

"काठी दे," ते म्हणाले.

"अप्पा, सगळे बघायलेत."

"बघू दे. हितून फेकल्या तर पुढच्याच्या टकलावर पडतील. पोरीला कवा पोचायच्या?"

ते उठले. मधल्या वाटेनं, लंगडत, काठीचा आवाज करत निघाले. सगळा बाजार वळून बघत होता. मंचाच्या अगदी पुढ्यात जाऊन त्यांनी नातीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, आणि शेजारच्या अडत्याच्या मुठीतल्याही थोड्या घेऊन पुन्हा टाकल्या.

मी त्यांची खुर्ची उचलून मागोमाग नेली. पण अप्पांनी तिच्यावर बसवलं नणंदेला, कारण ती रडत होती. "बस गं, दमलीस," म्हणाले, आणि स्वतः तिच्या पाठीशी उभे राहिले.