खापरपणजोबांची म्हैस

आमच्या घराण्यात प्रेमपत्रांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे, हे मी आमच्या कॅनडातल्या, एटोबिकोच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. पुरावा भिंतीवर आहे. खापरपणजोबांनी माहेरी गेलेल्या नव्या नवरीला लिहिलेलं मोडीतलं पत्र, सोनेरी फ्रेममध्ये! (मोडी मला वाचता येत नाही. पण अभिमान बाळगायला लिपी कशाला लागते?)

आमच्या निखिलचं एमाशी ठरलं आणि तिचे वडील रॉब रेजिनाहून भेटायला आले. गव्हाचे शेतकरी. मनगटं माझ्या पोटरीएवढी! जेवताना त्यांनी त्यांच्या खापरपणजोबांनी होणाऱ्या बायकोला लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. घर मातीचं आहे, गाय एकच आहे, थंडी फार आहे, तरी येशील का? ऐकून माझ्या बायकोच्या, सुषमाच्या डोळ्यांत पाणी!

मला कसं राहवेल? मी फ्रेम उतरवली.

"बाबा, प्लीज डोन्ट," निखिल कुजबुजला.

मी इंग्रजीत धडाधड भाषांतर सुरू केलं. "हे चंद्रमुखी! तुझ्याविना झोप नाही..." रॉब मान डोलवायला लागले, तसा मला चेव आला. पत्र चार ओळींचं, आणि मी चंद्र, कमळ करत हंसापर्यंत पोचलो!

"अरे," नुकतीच रत्नागिरीहून आलेली आई म्हणाली, "मोडीत रेघ अक्षरांच्या वर असते. उलटं धरलंयस." (म्हणजे इतकी वर्षं टांगलंही उलटंच!)

"सासूबाई, हंस आहे का हो त्यात?" सुषमाने गोड आवाजात विचारलं.

"म्हैस आहे."

आई वाचू लागली, निखिल इंग्रजीत सांगू लागला. "म्हैस व्याली. चीक पाठवला आहे. तू गेल्यापासून ती कोणास जवळ येऊ देत नाही. दाराकडे बघत उभी असते. तरी लवकर यावे."

"यात प्रेम कुठाय?" मी म्हणालो.

"अरे वेड्या, तिला वाचता येत नव्हतं! पत्र माहेरी तिचे वडील मोठ्याने वाचणार, सगळं घर ऐकणार. म्हशीचं नाव पुढे करणार नाही तर काय?"

निखिलने तेही रॉबना इंग्रजीत सांगितलं. फ्रेमकडे बोट दाखवत ते म्हणाले, "दारात म्हैस नव्हती. तोच उभा होता."

माझी छाती अशी फुगली म्हणता! सासऱ्याच्याच तोंडून आपलं प्रेम बायकोला ऐकवणारा माणूस आमच्या घराण्यात होऊन गेला!

लग्नात दोन्ही पत्रं वाचायची, असं तिथेच ठरलं. घराण्यातर्फे चार शब्द आई बोलणार आहे. माझ्याकडे पार्किंग दिलंय.