अण्णांच्या जीपचं स्टिअरिंग मी बसवलं

हा किस्सा मी स्वतःहून सांगत नाही. गरजच पडत नाही. पोलादपूरच्या स्टँडवर तो माझ्याआधी पोचलेला असतो. चहा सांगेपर्यंत कोणीतरी विचारतंच, "काय शास्त्रज्ञ, आज कुठल्या बाजूला वळणार?" आणि अख्खं बाकडं हसतं. म्हटलं, त्यापेक्षा एकदा मीच सांगून टाकतो. मूर्खपणा माझा, तर मीठमसाला तरी माझ्या हातचा असू दे!

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. त्यांच्याकडे एक जुनी फोर-व्हील जीप. वयाने माझ्यापेक्षा मोठी, आणि घरात मानही तिला माझ्यापेक्षा जास्त. पोलादपूरहून उमरठच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर माणसं, शेळ्या, पत्रे, जे असेल ते ती वाहायची. स्टिअरिंगला मात्र इतका प्ले, की पाव फेरा फिरवा, काही नाही. आणखी थोडं फिरवा, मग कुठे चाकाला बातमी लागायची. तहसील कचेरीसारखं! अर्ज आधी करायचा, मंजुरी वळण आल्यावर. अण्णा वळण दिसायच्या आधीच स्टिअरिंग ओढायला लागायचे. वर्षानुवर्षं अशीच चालवली. आमच्या घरात एकदा सवय झाली की कशालाच रोग म्हणत नाहीत. बाबांच्या स्वभावालासुद्धा.

बाबा शाळामास्तर. त्यांनी आयुष्यात एकच धाडस केलं, माझं नाव डिप्लोमाला घातलं. तेही मला न विचारता. मी दीड वर्षात तो सोडून घरी आलो, त्या दिवसापासून ते माझ्याशी थेट बोलेनात. मी समोर बसून भाकरी खातोय, आणि हे आईला सांगतायत, "त्याला सांग, बिरवाडीला खोली बघितली आहे. सोमवारपासून केमिकल कंपनीत हेल्पर."

मला हेल्पर व्हायचं नव्हतं. मला जीप हवी होती. अण्णांचे गुडघे गेले होते, गाडीला माणूस लागणारच होता. मी सरळ जाऊन मागितली.

अण्णा म्हणाले, "स्टिअरिंगचा काम काढलाय. माझ्या हाताखाली कर. शनिवारी गाडी वाडीवर नीट गेली, तर चावी तुझी. बापाशी मी बोलतो. नाय गेली तर बिरवाडी."

आता मला सांगा, याहून सरळ सौदा असतो का?

बुधवारी आम्ही दोघे गाडीखाली शिरलो. दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे बॉल जॉइंट खुळखुळ्यासारखे वाजत होते. बुश तर उरलेच नव्हते, त्यांच्या जागी नुसती आठवण होती. अण्णांनी ते सगळं सोडवलं. मग स्टिअरिंगच्या डब्याखालचा, फेरा चाकांपर्यंत पोचवणारा ड्रॉप आर्म काढायच्या आधी ते वर सीटवर जाऊन बसले. डोळे मिटले. तोंडाने काहीतरी पुटपुटत स्टिअरिंग या टोकाला नेलं, त्या टोकाला नेलं, परत मागे आणलं. मग एक लाल फडकं काढलं आणि स्टिअरिंग दाराच्या दांड्याला गच्च बांधून टाकलं. तीन गाठी!

माझं डोकं तिथेच तापलं. त्या गाडीत आधीच नटबोल्ट कमी आणि देव जास्त. काचेसमोर देवांची रांग, बंपरला लिंबू-मिरची, आरशाला काळा दोरा. आता स्टिअरिंगलाही नवस! पण अण्णांना मध्येच बोललं की ते पान्हा फेकून मारतात. म्हणून पान्हा मीच उचलला आणि पुन्हा गाडीखाली शिरलो.

आर्म निघाला. अण्णा नवे बॉल जॉइंट आणायला महाडला गेले. संध्याकाळच्या एसटीने सामानाची पिशवी आली, सोबत निरोप, "सामान पाठवलाय. मी बहिणीकडं राहतो, उद्या दुपारी येतो. तोवर हात लावू नको."

हात लावू नको! आमच्या घरातल्या मोठ्यांना एवढं एकच वाक्य येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कामाला लागलो. पहिलं काम काय केलं असेल? ते लाल फडकं कापलं. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिला ओरडून सांगितलं, "बघ, काय होतं ते!" आणि स्टिअरिंग धरून गरकन एक अख्खा फेरा फिरवलं. "आलं का संकट? कोसळलं का आभाळ?"

आई म्हणाली, "माझ्या सुपात धूळ येत्ये."

त्याच फडक्याने मी ग्रीस पुसलं. मग एकट्याने सगळं बसवलं. चाकं सरळ, स्टिअरिंगचे दांडे सरळ, नट घट्ट. दुपारी अण्णा आले, स्टिअरिंग हलवून बघितलं. प्ले म्हणून नाही! अण्णांचा चेहरा असा झाला, जणू दात दुखायचा थांबला.

"एकट्यानं बसवलास? सगळा नीट हाय ना?"

"शंका असेल तर परत खोला, अण्णा."

"नाय रे. झकास हाय," असं अण्णा म्हणाले. आमच्या खानदानात कोणी कोणाला झकास म्हटल्याचं मला आठवत नाही.

शनिवार उजाडला. मी स्टिअरिंगवर, शेजारी अण्णा. मागे बाबा, परीक्षकाचा चेहरा करून. त्यांच्या समोर वरच्या वाडीतली जनाआजी, मांडीवर शेळीचं करडू घेऊन. सपाटीच्या रस्त्यावर गाडी अशी पळाली, की काय सांगू! बोटाने ढकललं तरी वळत होती. आरशात बाबा हळूच मान डोलावताना दिसले. मी मनातल्या मनात बिरवाडीची खोली दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकली.

मग चढ लागला. पहिलं मोठं वळण उजवं. लोण्यासारखं! दुसरं डावं. मी स्टिअरिंग फिरवलं. अर्ध्या फेऱ्यात खट्! पुढे फिरेचना. गाडी सरळ दरडीत नाक खुपसायला निघाली. मी ब्रेकवर उभाच राहिलो.

"काय झाला रे?" अण्णा म्हणाले.

"काही नाही, नवीन आहे, जरा टाइट आहे."

उजवीकडे पूर्ण कापून गाडी मागे घेतली, नाक डावीकडे आलं, पुन्हा पुढे गेलो. एका वळणाला तीन हेलपाटे. पुढचं डावं वळण, पुन्हा खट्! तिथे पाच. तिसऱ्या डाव्या वळणाला जनाआजी करडू काखोटीला मारून खाली उतरली.

"आजी, कुठे?"

"चालत जात्ये. तुमची पूजा आटपली की या. वर चहा टाकून ठेवत्ये."

आणि गेलीसुद्धा! तरातरा. आम्ही मागे-पुढे, मागे-पुढे करत होतो, तोवर ती वरच्या वळणावरून खाली वाकून बघत होती. करडूसुद्धा बघत होतं.

अण्णा खाली उतरले. वाकून बघितलं. हळूच विचारलं, "फडका कुठंय?"

"कुठलं फडकं?"

"स्टिअरिंगला बांधलेला."

झालं! इतके दिवस दाबून ठेवलेलं माझं भाषण बाहेर आलं. "कापलं! लाज वाटली पाहिजे, अण्णा. मंत्र पुटपुटून आणि लाल फडकी बांधून गाड्या दुरुस्त होत नाहीत. तुमच्या पिढीने सगळं देवावर टाकलं, म्हणून तर..."

अण्णा रस्त्याकडेच्या दगडावर बसले. "अरे येड्या, मी फेरे मोजत होतो! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन फेरे. दीडावर आणला, म्हणजे मधोमध, आणि फिरू नये म्हणून बांधला. आर्म काढल्यावर स्टिअरिंग हलला, तर मध्य कसा कळायचा?"

मी मनातल्या मनात फेरे मोजायला लागलो.

"तू फिरवलास?"

"...एकच फेरा."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

"म्हणजे डावीकडच्या दीड फेऱ्यांतला एक तू अंगणातच वळून घेतलास! रस्त्याला उरला अर्धा."

मी तरीही सोडलं नाही. "पण मग लाल कशाला?"

"लाल बघितला की माणूस हात लावत नाय. माणूस!"

"आधी सांगायचंत ना!"

"तू कधी कोणाला सांगू देतोस?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "गाढवा!" बाबा! कित्येक महिन्यांत ते माझ्याशी थेट बोललेला तो पहिला शब्द. खरं सांगतो, बरं वाटलं.

अण्णांनी तिथेच चाकामागे दगडाची उटी लावून, हातोडीने ठोकून आर्म काढला. या वेळी फेरे मी मोजले, मोठ्याने, पाढे म्हटल्यासारखे. मध्य मिळाला. बाबांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं, आणि मी खालून आर्म बसवला. जीप वाडीवर पोचली, तेव्हा जनाआजीचा चहा दुसऱ्यांदा उकळत होता.

पण सौदा म्हणजे सौदा. गाडी नीट गेली नव्हती. चहाचा कप खाली ठेवून मीच म्हणालो, "बाबा, सोमवारी जातो मी कंपनीत."

अण्णांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी अण्णांकडे बघितलं. दोघे भाऊ आयुष्यात पहिल्यांदाच एका मताचे झाले.

"नको रे मास्तर," अण्णा म्हणाले. "केमिकलची कंपनी. तिथं जागोजागी लाल पट्ट्या बांधलेल्या असतात."

मग बाबांनी जीपची चावी उचलली आणि माझ्या हातात ठेवली.

"घे. दरीत गेलास तर आपण चौघेच जाऊ. बिरवाडीत लोक राहतात."